विश्वंभर मास्तरांचं वाचन

विश्वंभर मास्तर विरामचिन्हंसुद्धा वाचून दाखवायचे. स्वल्पविराम, पूर्णविराम नव्हे. तेवढ्यापुरते ते नुसते थांबत. पण प्रश्नचिन्ह आलं की मान वर करून, चष्म्यावरून सगळ्यांकडे बघत म्हणायचे, "इथं प्रश्नचिन्ह हाय." उद्गारचिन्ह आलं तर, "इथं लिहिणारा वरडलाय." ऐकणारे हसत. मास्तर हसत नसत. कागदावर जे आहे ते सगळं ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत पोचवणं हे वाचणाऱ्याचं काम, आणि त्यात कमीजास्त करणं म्हणजे मापात मारणं, असं त्यांचं मत होतं.

निजामीची अखेरची काही वर्षं मी शहागडच्या शाळेत दुय्यम शिक्षक होतो आणि ते सदर मुदर्रिस, म्हणजे मुख्याध्यापक. दोन खोल्यांची शाळा, आम्ही दोघंच. गाव गोदावरीच्या काठी. तिला तिकडे कोणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. तेव्हा पूल नव्हता. सर्व्हिस मोटार अलीकडच्या काठापर्यंत येई, माणसं उतरून नावेनं पलीकडे जात आणि तिथून दुसरी मोटार धरत. त्यामुळे मुलखातली निम्मी बातमी शहागडच्या घाटावर नावेची वाट बघत बसलेली असायची. मात्र ती ज्याच्या त्याच्या तोंडात. कागदावरची बातमी वाचू शकणारी माणसं गावात फार थोडी, आणि उर्दू नि मराठी दोन्ही अस्खलित वाचणारे एकटे विश्वंभर मास्तर.

मास्तर केदारखेड्याकडचे. कोरड्या मुलखातले. उंच, हडकुळे, चष्म्याची एक काडी मोडलेली म्हणून तिथे दोरा बांधलेला. पाण्याची त्यांना धास्ती होती. गंगेच्या काठी राहून त्यांनी कधी गंगेत पाय घातला नाही. घरी तांब्याभर पाण्यानं अंघोळ करत. पण अखबार हातात घेण्याआधी मात्र ते हात धूत, आणि वाचून झाल्यावर परत धूत. आधी का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "कुणीतरी लिहिलंय, कुणीतरी छापखान्यात खिळे जुळवलेत. जेवायला बसल्यासारखंच हाय ते." मग नंतर का? "शाई लागती."

हैदराबादचा उर्दू अखबार मोटारीनं येई. तो ते संध्याकाळी पारावर वाचत. डोळे उजवीकडून डावीकडे चालत आणि तोंडातून सरळ मराठी बाहेर पडे, मध्ये अडखळणं नाही. दुसरं एक मराठी साप्ताहिक इंग्रजी हद्दीतून यायचं. त्याला आमच्या संस्थानात कधी बंदी असे, कधी नसे; असली की ते कापडाच्या गाठोड्यातून येई आणि मास्तर ते पाराऐवजी शाळेच्या खोलीत, खिडक्या लावून वाचत. माणसं तीच असत. आवाज तोच. जाहिरातीसुद्धा सोडत नसत. केसांच्या तेलाची जाहिरात आणि लढाईची बातमी ते एकाच गांभीर्यानं वाचत, आणि शेवटी छापणाऱ्याचं नाव वाचून मगच घडी घालत.

गंमत अशी की दोन्ही पत्रांत एकाच गोष्टीची बातमी असली तर ती एक कधीच नसायची. कुठल्याशा गावी मिरवणुकीवरून मारामारी झाली. एकात दगड अमक्यांनी मारले, दुसऱ्यात तमक्यांनी. एकात मिरवणूक शांत होती, दुसऱ्यात हत्यारबंद. मास्तर दोन्ही वाचायचे आणि घडी घालून ठेवायचे. मग गावचे सखाराम पाटील डोकं खाजवत विचारायचे, "मंग मास्तर, खरं कोनतं?"

"मला काय ठाव? मी तिथं न्हवतो."

"तरी पन, तुमाला काय वाटून राह्यलंय?"

"वाटायचं काय त्यात? हे ह्यानं लिहिलं, ते त्यानं लिहिलं. मी वाचलं. पुढं तुमी आन् तुमचं डोकं."

लोक घरी जाताना अर्धवट चेहऱ्यानं जात. ज्याला जे आवडलं ते तो घेऊन जाई आणि दुसऱ्या दिवशी घाटावर तेच एकमेव खरं म्हणून सांगे.

छापलेल्या अक्षरात काय ताकद असते ते मला पहिल्यांदा पटकीच्या वेळी कळलं. साप्ताहिकात एका उन्हाळ्यात दोन ओळी आल्या: शहागड येथे पटकीची साथ असून लोक गाव सोडीत आहेत. मास्तरांनी त्या शहागडच्याच माणसांसमोर, शहागडच्याच शाळेत वाचल्या. गावात कोणाला साधी उलटी झालेली नव्हती. मी तसं म्हणालोही. सखाराम पाटील म्हणाले, "आपल्याला ठाव नसंल. हिकडच्या आळीत न्हाई, तिकडच्या आळीत असंल."

तिकडच्या आळीतले लोक हेच इकडच्या आळीबद्दल म्हणत होते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बैलगाड्या जुंपल्या गेल्या आणि अर्धं गाव शेतात राहायला गेलं. मीही घाबरलो, पण मी परका, जाणार कुठे? मास्तरांकडे गेलो तर ते चुलीवर पाणी उकळत होते. चेहरा उतरलेला. म्हणाले, "गोविंदराव, सकाळपासून माझ्या पोटात काही बरोबर न्हाई."

"अहो, पण साथ कुठंय?"

"छापलंय न्हवं? उगी कोन छापंल?"

आठवडाभरानं पुढच्या अंकात कोपऱ्यात खुलासा आला की गावाच्या नावात चूक झाली, साथ दुसरीकडे होती. तो ऐकायला खोलीत मी आणि दोन म्हातारे. बाकीचे शेतात. मास्तरांनी खुलासा वाचला आणि त्यांचं पोट त्याच घटकेला बरं झालं. याचा त्यांनी फार विचार केला. पुढे कित्येक दिवस ते मधेच म्हणत, "पोट माझं, गाव माझं, आन् भरवसा कागदावर. हे काय हाय?" आणि त्यातूनच त्यांनी ठरवलं की आपल्या गावची बातमी आपल्याच गावच्या माणसानं लिहावी. त्यांनी संपादकांना लिहून बातमीदारी मागितली आणि ती मिळाली. पगार नाही, फक्त अंक फुकट. तेव्हापासून कधीमधी आमच्या गावच्या बातमीखाली "आमच्या बातमीदाराकडून" असं छापून यायचं, आणि ते दोन शब्द वाचताना मास्तरांचा आवाज थोडा खाली जायचा. लाजत असावेत.

आता चाँदमियाँची गोष्ट सांगायला हवी.

शहागडची नाव चाँदमियाँच्या घराकडे होती, त्याच्या आजापासून. चाँदमियाँ बुटका, छातीनं भरलेला, बोलायला कमी. बायको जैबुनबी मात्र बोलायला खंबीर. त्यांना एक मुलगी, मुन्नी. मास्तर पलीकडे कधी जात नसत, म्हणून चाँदमियाँ त्यांना डिवचायचा, "मास्तर, एक बार तरी बसा. तुमी अखबारात दुनिया फिरून राह्यले, आन् ही गंगा वलांडंना तुमच्यानं."

पण त्या वर्षी पलीकडच्या देवीच्या जत्रेला जाण्यावाचून मास्तरांना गत्यंतर नव्हतं. बातमीदार ना! जत्रेची बातमी द्यायची होती. वरती कुठे पाऊस झाला होता, गंगा गढूळ होऊन फुगत होती. मी शाळेसाठी मागे थांबलो, पण घाटावर त्यांना पोचवायला गेलो होतो, म्हणून नाव सुटेपर्यंतचं मी डोळ्यांनी पाहिलं. चाँदमियाँ हात आडवे करून ओरडत होता, "बास! भर गई नाव. आता एक बी मानूस न्हाई घेनार. दुसऱ्या खेपेला या." कोणी ऐकेना. पाणी वाढतंय, दुसरी खेप होईल की नाही याची खात्री नव्हती. माणसं चढतच होती. कोणीतरी चाँदमियाँच्या कानाखाली एक ठेवूनही दिली. वर नवसाचा एक बोकड चढवला. मास्तर नावेच्या मध्यभागी, दोन्ही हातांनी फळी धरून, डोळे मिटून बसले होते.

पुढचं मी काठावरून पाहिलं, म्हणजे फारसं दिसलं नाही. नाव धारेत गेली, बोकडानं दावं तोडलं, एका अंगाला उडी मारली; त्याला धरायला माणसं त्याच अंगाला गेली, आणि नाव कलंडली. पाण्यात नुसती डोकी आणि हात. चाँदमियाँनं बहुतेकांना काढलं. कोणाला गचांडी धरून, कोणाला धोतर धरून. सुंदराबाई म्हणून एक विधवा होती, तिला केसांना धरून. मास्तरांना त्यानं कोटाच्या कॉलरला धरून वाळूवर फेकलं. दोन जीव गेले. अंतरवालीकडचा एक म्हातारा आणि वेणू नावाची पोरगी, जिचं त्याच वर्षी लग्न झालं होतं.

मास्तर दोन दिवस अंथरुणात पडून होते. तिसऱ्या दिवशी उठून बातमी लिहायला बसले. लिहून झाल्यावर त्यांनी ती मला वाचून दाखवली. बोकड होता, गर्दी होती, थप्पड होती, चाँदमियाँनं वाचवलेली माणसं होती. आणि एक वाक्य होतं, ते मला तेव्हा विशेष वाटलं नाही: नाव उलटी तरंगत असता नावाड्याने तिच्या काठास धरलेला एक हात सोडवून बांबूकडे वळविला.

"हे कशाला?" मी म्हणालो.

"दिसलं म्हनून. काठाला सगळे लटकले तर नाव बुडती, म्हनून त्यानं तो हात नाव रेटायच्या, तरंगत्या बांबूकडं दिला."

"कोणाचा हात होता?"

"ते दिसलं न्हाई. नाकातोंडात पानी. हातच दिसला तेवढा."

बातमी छापून आली. आली ती अर्धी. गर्दी आणि बोकड गेले होते, थप्पड गेली होती. वर मथळा होता: मुसलमान नावाड्याने घात केला? आणि मधलं वाक्य होतं: नावाड्याने काठास धरलेला एक हात सोडविला. बांबू गेला होता. शेवटी, आमच्या बातमीदाराकडून.

मास्तरांनी ती वाचली. मथळा वाचून म्हणाले, "इथं प्रश्नचिन्ह हाय." पुन्हा मोठ्यानं म्हणाले, "प्रश्नचिन्ह हाय, ऐकलं का?" पण प्रश्नचिन्ह घरी घेऊन जायची वस्तू नव्हती. ते शाळेच्या खोलीतच राहिलं, आणि बाकीचे चार शब्द गावभर झाले. त्याच आठवड्यात उर्दू अखबारातही बातमी आली. तिच्यात जमावानं एका गरीब मुस्लिम नावाड्याला बेदम मारून नाव हिसकावून घेतली होती. तीही मास्तरांनी पारावर वाचली, शब्द न शब्द.

"मंग खरं कोनतं?" सखाराम पाटलांनी सवयीनं विचारलं.

या वेळी मास्तर ताडकन म्हणाले, "हे बी न्हाई, ते बी न्हाई. मी तिथं होतो!" आणि त्यांनी सगळं सांगितलं, बोकडापासून बांबूपर्यंत. लोकांनी ऐकून घेतलं. मग पाटील समजूत घालावी तसे म्हणाले, "तुमी म्हनता ते ठीक हाय मास्तर. पन तुमीच तर लिव्हलंय. छापलंय न्हवं?"

"मी असं न्हाई लिव्हलं!"

"मंग खाली 'बातमीदाराकडून' कसं काय?"

आणि मग मी जे पाहिलं ते मला आजही नीट उलगडत नाही. माणसं खोटं बोलत नव्हती. पण जे डोळ्यांनी बघितलं होतं ते हळूहळू सरकत होतं. माझ्याशेजारी काठावर उभे असलेले पाटील, ज्यांना माझ्याइतकंच कमी दिसलं होतं, ते आता चाँदमियाँ हात कसा सोडवत होता ते हावभाव करून दाखवू लागले. सुंदराबाई पहिल्या दिवशी घाटावर रडत सगळ्यांना सांगत होती, "केसाला धरून वढलं बापा मला, न्हाई तर गेल्ते." बातमीनंतर महिन्याभरात तीच बाई विहिरीवर सांगत होती, "केसाला धरून दाबून राह्यल्ता मेला, मीच कशी तरी सुटले." तिच्या डोळ्यांत खरी भीती होती. मी तिच्याशी वाद घातला नाही. ती पाण्यात होती, मी काठावर होतो.

चाँदमियाँच्या नावेत माणसं बसेनाशी झाली. पलीकडच्या काठच्या एकानं दुसरी नाव घातली. मुन्नीला विहिरीवर पोरांनी ढकललं. एकदा सकाळी चाँदमियाँची नाव दोर कापलेली, खाली दूर वाळूत रुतलेली सापडली. मास्तरांनी संपादकांना खुलासा पाठवला. छापला नाही. पुन्हा पाठवला. तोही नाही. दर आठवड्याला अंक आला की ते आधी एकटे बसून चारही पानं वाचत, मग घाम पुसत बाहेर येत. याच सुमारास ते मला एकदा म्हणाले, "गोविंदराव, त्यानं तो हात बांबूकडंच दिला असंल ना?"

मी चमकलो. "तुम्ही पाहिलंत ना?"

"हात सोडवला ते पाहिलं. बांबू बी पाहिला. पन मधलं... रोज आठवून आठवून झिजल्यागत झालंय. पेपरात वाचलं की पेपरासारखं दिसतंय, मी लिहिलेलं आठवलं की तसं दिसतंय."

एके दिवशी शाळा सुटताना जैबुनबी आली. आत आली नाही, दाराशी उभी राहिली. चाँदमियाँ मागे, मान खाली. ती म्हणाली, "मास्तर, तुमीच लिव्हलं ना?"

"लिव्हलं. पन असं न्हाई. खुलासा पाठवलाय, ते छापंनात."

"लोकं छापेल वाचतेत का, मास्तर? गावात वाचाया येतंय कुनाला? लोकं तुमाला ऐकतेत. ज्या आवाजानं आमचं घर बसवलं, त्याच आवाजानं उठवा की मंग. आमाला कागदाशी काय?"

ती दोघं गेल्यावर मास्तर बराच वेळ खडूचा तुकडा बोटांत फिरवत बसले होते.

पुढचा अंक आला तेव्हा त्यांनी सगळ्यांना बोलावणं धाडलं. खोली भरली. हात धुऊन ते बसले, पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि चौथ्या पानाशी आल्यावर घसा खाकरून वाचू लागले: "खुलासा. शहागड येथील नावेच्या अपघातासंबंधी आम्ही दिलेल्या वृत्तात गंभीर चूक झाली, याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. नावाडी चाँदमियाँ याने जिवाची पर्वा न करता अनेकांचे प्राण वाचविले. काठास धरलेला हात त्याने बांबूकडे वळविला, तो बुडणाऱ्याच्या भल्यासाठीच होय." आवाज तोच, गांभीर्य तेच. मग केसांच्या तेलाची जाहिरात, मग छापणाऱ्याचं नाव.

खोलीत कुजबुज झाली. पाटील म्हणाले, "आता बोला! खुद्द पेपरवाल्यानंच कबूल केलं." कोणी म्हणालं, मी आधीच म्हणत होतो. दुसऱ्या दिवशी तीन माणसं चाँदमियाँच्या नावेत बसली, आठवड्यात नाव भरू लागली. आणि सुंदराबाई विहिरीवर पुन्हा सांगू लागली, "केसाला धरून वढलं म्हनून तर हाय मी." तेव्हाही तिच्या डोळ्यांत खरं पाणी होतं.

अंक मी वाचायला घरी आणला होता. चौथं पान पाहिलं, उलटून पाहिलं, तिसरं पाहिलं. खुलासा कुठेच नव्हता. मी अंक घेऊन मास्तरांकडे गेलो. त्यांनी मला बघितलं, अंकाकडे बघितलं.

"छापतील, छापतील म्हनून किती वाट बघायची?"

"बरं केलंत," मी म्हणालो. मला खरंच तसं वाटत होतं.

"बरं केलं?" त्यांचा चेहरा विचित्र झाला. "अहो, मी खरं बोंबलून सांगितलं तवा एकानं ऐकलं न्हाई. खोटं वाचलं तर सगळ्यांनी ऐकलं. आता मी उद्या काही बी वाचलं तरी ऐकतील. ह्यात बरं कोनतं?"

त्यानंतर मास्तरांनी लोकांसमोर वाचणं सोडलं. घसा बसलाय म्हणत. वर्गात मुलांना कविता म्हणून दाखवताना मात्र घसा ठणठणीत असे. बातमीदारीही त्यांनी टाकली. मी थोडे दिवस वाचून पाहिलं, पण माझ्या वाचण्याला लोक जांभया देत आणि एकेक करून उठून जात. मग तेही थांबलं. पुढे धरपकडीचे दिवस आले, मराठी कागद घरात सापडला तरी निजामाचे पोलीस ओढून नेत, तेव्हा आम्ही दोघांनी जुने अंक चुलीत घातले. मास्तरांनी एकेक अंक उलगडून, वरचं पान पाहून मगच जाळला.

निजामी संपली त्या हप्त्यात आमच्या गावात काय चाललंय हे कोणालाच कळत नव्हतं. कोणी गुलाल आणला, कोणी दार लावून बसलं. लांबच्या गावांतून वाईट गोष्टी ऐकू येत. आणि एका दुपारी पाच-सहा अनोळखी माणसं घाटावर उतरली. हातात काठ्या, एकाच्या खांद्याला बंदूक. पारावर येऊन त्यांनी विचारलं, "तो नावाडी कुठंय? जत्रेची नाव बुडवली तो?"

तेव्हा कळलं की मास्तरांचा खुलासा शहागडच्या वेशीबाहेर गेलाच नव्हता. छापलेली बातमी मात्र मुलूखभर हिंडून, मोठी होऊन परत आली होती. त्यांच्या हिशेबी त्या नावेत नुसत्या बायाच होत्या आणि चाँदमियाँनं सगळ्या बुडवल्या होत्या.

पाटील पुढे झाले. हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं, की ते पुढे झाले. "तसं न्हाई ते. पेपरात खुलासा आल्ता. आमी सगळ्यांनी ऐकलाय."

बंदूकवाला जरा शिकलेला दिसत होता. "कोणता पेपर? मी एकही अंक चुकवला नाही. खुलासा-बिलासा काही आला नाही."

सगळ्यांची तोंडं मास्तरांकडे वळली. मी त्यांच्याशेजारीच होतो. मला वाटलं, आता हे खरं सांगतात. आणि सांगितलं असतं तर? खुलासा खोटा म्हटल्याबरोबर बातमी आपोआप खरी ठरली असती, आपल्या गावातसुद्धा.

"आल्ता," मास्तर म्हणाले. "चौथ्या पानावर. तेलाच्या जाहिरातीच्या वर."

"अंक दाखवा."

"जाळला. धरपकडीत घरात कोन ठेवतंय?"

"तुम्ही स्वतः वाचला?"

"मीच वाचला, ह्या सगळ्यांच्या समोर. आन् ते ऱ्हाऊ द्या. मी त्या नावेत होतो. त्यानं हात सोडवला आन् बांबूवर ठेवला. माझ्या डोळ्यांनी बघितलं."

तेवढ्यात सुंदराबाई गर्दीतून पुढे आली आणि डोक्यावरचा पदर खाली ओढून केस दाखवत म्हणाली, "हितं धरून वढलं मला. काय करायचं ते मला करा."

ती माणसं घोटाळली. आपसात बोलली. बंदूकवाला म्हणाला, "चौकशी करून परत येऊ," आणि ती घाटाकडे गेली. पार रिकामा झाल्यावर मी मास्तरांना हळूच विचारलं, "बांबूवर ठेवलेला पाहिलात?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आता अगदी सोच्छ दिसून राह्यलंय. हात, बांबू, हाताची बोटं बांबूवर मिटताना. काल पत्तूर असं न्हवतं. वाचायला लागलो, सांगायला लागलो, आन् दिसायला लागलं. हे मी बघितलंय का रचलंय, मला कळंना, गोविंदराव. आन् कुनाला विचारू? तो हात ज्याचा होता..."

मला आजही कळत नाही.

ती माणसं परत येण्याच्या आत चाँदमियाँला पलीकडे हलवायचं ठरलं. तिकडे जैबुनबीच्या माहेरची माणसं होती. रस्त्यात कोणी अडवलं तर सोबत आपल्यातलं कोणी हवं, असं पाटील म्हणाले आणि एकमेकांकडे बघणं सुरू झालं. मास्तर घरात गेले, कोट घालून आले.

सकाळी कोवळं ऊन होतं, गंगा संथ होती. मी घाटावर उभा होतो. नावेत जैबुनबी, मुन्नी, दोन गाठोडी, एक पितळेची घागर. चाँदमियाँनं बांबू टेकवला. मास्तर मध्यभागी बसले, पण या खेपेला त्यांना फळी धरता आली नाही, कारण निघता निघता जैबुनबीनं आपली कोंबडी त्यांच्या मांडीवर दिली होती. ती फडफडत होती. मास्तरांनी ती दोन्ही हातांनी छातीशी धरली होती, कशी धरायची ते माहीत नसलेल्या माणसासारखी, आणि मुन्नी त्यांना दाखवत होती की पंख असे दाबायचे, असे. नाव धारेला लागली. मास्तर एकदाही पाण्याकडे बघत नव्हते की माझ्याकडे. मान खाली घालून ते कोंबडीशी काहीतरी बोलत होते. काय ते मला इतक्या दुरून ऐकू आलं नाही.